पाणी ओटीपर्यंत आलं

निळा पट्टा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझं मौन सुटलेलं नव्हतं, म्हणून तोंडातून काही निघालं नाही.

सकाळी उठल्यापासून घाटावरच्या महादेवाला पाण्याचा तांब्या घालेपर्यंत मी बोलत नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी घेतलेला नेम आहे, आता एकतीस वर्षं झाली. वाटेत कुणी भेटलं तर मी हात जोडते आणि पुढं होते. त्या मंगळवारी तांब्या भरून पायऱ्या चढत होते, तर ओटीच्या धोंड्यावर हातभर लांब निळा पट्टा मारलेला. रंग अजून ओला होता. मी देवाला पाणी घातलं, पण त्या दिवशी पाणी घालताना मन देवापाशी नव्हतं.

आमचं नावघाट भीमेच्या अलीकडच्या काठाला, म्हणजे दौंड तालुक्यात. पलीकडं शिरूर. पूल नव्हता तेव्हा इथून नाव चालायची, निमोण्याकडची माणसं लोकर घेऊन अलीकडं यायची. तेहतीस पायऱ्यांचा घाट, घाटाच्या डोक्यावर घोंगड्यांची पेठ. आमचे सासरे याच घाटावर लोकर धूत. आता माग दोनच उरलेत, पण यवतपर्यंत रस्ता मोठा झाला आणि पुण्याच्या गाड्या नदी बघायला यायला लागल्या. मग सरकारनं गावाचा आराखडा करायला घेतला. पेठेत दोन मजल्यांच्या वर चढायचं नाही, घाटाचा दगड हलवायचा नाही, आणि पुराची निळी रेघ आखायची. रेघेच्या खालच्या अंगाला घर बांधायचं नाही. वरच्या अंगाला बांधायला हरकत नाही. एवढंच मला कळलं होतं आणि एवढं पुरेसं होतं.

ओटीचा धोंडा घाट वर संपतो तिथं आहे. काळा, बुटका, डोक्यावर हळदीकुंकवाचा थर बसलेला. मोठा पूर आला की पाणी त्या धोंड्याला लागायची वाट बघतात. लागलं की गावाच्या वतीनं एक सवाष्ण भीमामायची ओटी भरते. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सगळं सुपात घालून पाण्यात सोडायचं. ओटी पावली की माय माघारी फिरते. पाणी त्याच्या पुढं आलं असं आमच्यात तोंडानं म्हणत नाहीत. तसं म्हणणं म्हणजे मायनं ओटी नाकारली म्हणणं, आणि जिनं भरली तिच्या हातात खोट आहे म्हणणं.

सहा वर्षांपूर्वीच्या पुरात ती ओटी मी भरली होती. मान खरं तर पाटलांच्या घरचा, बापूसाहेबांच्या मुक्ताबाईंचा. पण त्यांना दिराचं सुतक होतं. मग पेठेतल्या बायका म्हणाल्या, म्हाळसा नेमाची आहे, तिच्या हातानं होऊ द्या. तेव्हापासून गावात माझ्याकडं बघायची नजर बदलली. नवी नवरी आली की आधी माझ्या पाया पडायला आणतात.

आणि मला वाटत होतं, मला एकटीलाच माहीत आहे, की पाणी पुढं आलं होतं. धोंड्याच्या पुढं, पाटलांच्या उसातून चिंचेपर्यंत, चिंचेच्याही पुढं बांधाला लागलं होतं. मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. कुणाला सांगितलेलं नव्हतं, ह्यांनासुद्धा नाही.

त्या उसाच्या रानात आता पाटलांच्या सत्यजीतनं प्लॉट पाडलेत. कमानीवर 'भीमा दर्शन' असं लिहिलंय. धोंडा आणि चिंच यांच्या मधोमध सात नंबरचा प्लॉट माझ्या संपतनं घेतला आहे.

म्हणून तो पट्टा मी जाता-येता पुन्हा पुन्हा बघितला. मोजमापाची माणसं आली, त्यांच्याकडं यंत्रं होती, उडणारा कॅमेरा होता. त्यांना पाण्याची खरी जागा सापडणार नाही असं कसं होईल? सापडली असणार. मग रेघ एवढी खाली कुणी ओढली?

कुणी पाठवलेला पट्ट्याचा फोटो संपतनं दुपारीच कंपनीतून घरी धाडला, आणि संध्याकाळी येताना पेढे घेऊन आला. सूनबाई मोनिकानं देवापुढं पेढा ठेवला. ती खुशीत असली की पोरीला कडेवर घेऊन घरभर फिरते, तशी फिरत होती.

मी हळूच विचारलं, की रेघ नीट बघून मारली असेल ना.

संपत म्हणाला, "आई, सरकारी काम हाय ते. तुझ्या मनानं मारायची का रेघ?"

मोनिका थांबली. माझ्याकडं बघितलं नाही तिनं, पण आत जाऊन भांडी जरा जोरातच ठेवली. मग संपतला म्हणाली, मला ऐकू येईल अशा बेतानं, "मी म्हनलंच हुतं. आपण येगळं ऱ्हायला जायचं म्हनलं की आत्यांना कायतरी दिसायला लागतंय."

मी जपाला बसले. माळ फिरत राहिली आणि डोक्यात सत्यजीत फिरत राहिला.

एकदा मनात किडा शिरला की सगळीकडं तोच दिसतो. बुधवारी सत्यजीतची पांढरी गाडी ग्रामपंचायतीपुढं उभी होती, आणि आराखड्याच्या मॅडम तिच्यातून उतरल्या. दुपारी त्याच मॅडम पाटलांच्या ओसरीवर दिसल्या. गुरुवारी मी शेणाला गेले तर पाटलांच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत निळ्या रंगाचा डबा, झाकण अर्धं उघडं. मी पदर सावरायचं निमित्त करून थांबले आणि नीट बघितलं. तोच निळा.

कुणाला बोलावं? हे ऐकून घेतील पण म्हणतील, पाटलांच्या भानगडीत आपण कशाला. संपतला बोलायची सोय नव्हती. आणि बोलायचं तरी काय? "रेघ खाली आहे" असं म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच, "तुला कसं ठाऊक?"

पण सात नंबरच्या प्लॉटवर चुना टाकून खोल्या आखल्या होत्या. स्वयंपाकघर पूर्वेला, पोरीची झोपायची खोली नदीच्या बाजूला. मोनिकानं मला कौतुकानं चालवून दाखवलं होतं. त्या आखलेल्या खोलीत मी उभी राहिले होते तेव्हा मला आठवत होतं, की माझ्या गळ्याएवढं पाणी तिथं सहा वर्षांमागं होतं.

शुक्रवारी मी सोमवारच्या व्रताचा प्रसाद घेऊन मुक्ताबाईंकडं गेले. सोमवारचा प्रसाद शुक्रवारी कसा, हे त्यांच्या ध्यानात येणार हे मला कळत होतं, पण दुसरं निमित्त नव्हतं.

मुक्ताबाईंनी पाट दिला, चहा दिला. इकडचं तिकडचं झालं. तेजश्रीला, त्यांच्या सुनेला, दिवस गेलेत, त्याचं बोलणं झालं. मी म्हणाले, रेघ लागली, बरं झालं, सत्यजीतच्या कामाला मोकळीक मिळाली.

त्यांनी कप खाली ठेवला. "म्हाळसा, तुला कुणी धाडलं?"

मी म्हणाले कुणी नाही.

"खालच्या आळीची माणसं सत्यजीतच्या पाठी लागलीत. ह्यो पुढं जातोय ते बघवत न्हाई त्यांना. तू त्यांच्यात असशील असं वाटलं नव्हतं."

मी शपथ घेत नाही, पण त्या दिवशी घेतली. त्या जरा नरमल्या. मग स्वतःच बोलत्या झाल्या. सत्यजीतनं रेघेला बोट लावलेलं नाही. मॅडमना यवतहून गाडी मिळाली नाही म्हणून त्यानं आणलं, एवढंच. जेवायला बोलावलं, तर त्या ओसरीवर बसून स्वतःचा डबा खाऊन गेल्या, पाणीसुद्धा बाटलीतलं प्यायल्या.

"उलट त्यो तर हातपाय गाळून बसला हुता," मुक्ताबाई म्हणाल्या. "म्हनायचा, आई, रेघ चिंचंपातुर जाती आता, बुडालं आपलं प्लॉटिंग."

मग माझ्याकडं बघायच्या ऐवजी चहाच्या कपाकडं बघायला लागल्या.

मी प्रसादाची वाटी उचलली आणि निघाले. चिंचेपर्यंत. म्हणजे त्याला ठाऊक होतं. पुराच्या वेळी तो पुण्यात होता, तरी ठाऊक होतं. पाटलांच्या घरात ठाऊक होतं. आणि ठाऊक असून त्यांनी त्या रानात प्लॉट पाडून माझ्या पोराला विकला. कपाळाला कुंकू लावून मला निरोप देणारी ही बाई, आणि तिच्या पोटात हे.

त्या रात्री मी हरकत घ्यायचं ठरवलं. लेखी द्यायला शनिवारपर्यंत मुदत होती, तोंडी सोमवारच्या सुनावणीत.

शनिवारी मौन सुटल्यावर सरळ ग्रामपंचायतीत गेले. मॅडम एकट्याच होत्या. प्रांजल नाव त्यांचं, वय माझ्या संपतएवढं असेल. टेबलावर नकाशा अंथरलेला आणि त्याच्या कोपऱ्यावर उडू नये म्हणून त्यांनी स्वतःचा जेवणाचा डबा ठेवलेला. पाटलांकडचं पाणीही न पिणारी मुलगी म्हणून मी तिच्याकडं जरा वेगळ्या नजरेनं बघितलं. पण संशय असा लगेच उतरत नाही. मनात म्हटलं, घेणारे असंच दाखवत असतात.

मी म्हणाले, रेघ चुकली आहे असं मला वाटतं, आणि कशावरून मारली ते बघायचं आहे.

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "काकू, नदीवर आमची मोजपट्टी होती, पुलाच्या खांबाला. ती त्याच पुरात वाहून गेली. नेमक्या मोठ्या पाण्याची नोंदच नाही. मग नुसता कागदावर हिशोब केला, पण त्यात इकडं तिकडं होतं. म्हणून नियमाप्रमाणं गावात विचारलं. सेहेचाळीस घरं. सगळ्यांचं उत्तर एकच आलं."

"एकच?"

"अगदी शब्दासकट एकच. मला एवढं सारखं उत्तर कुठल्याच गावात मिळालेलं नाही. खरं सांगू? मला संशय आला. वाटलं, लोकांना कुणीतरी पढवून ठेवलंय."

मला बरं वाटलं. म्हणजे या मुलीलाही वास आला होता. मी खुर्ची पुढं ओढली. म्हटलं, मग?

"मग मी विचारलं, तुमच्यात असं कोण आहे जे खोटं बोलणार नाही. तर प्रत्येकानं एकच नाव सांगितलं. त्यांचा कागद मी सगळ्यांच्या वर लावला आणि त्यावर रेघ पक्की केली." त्यांनी फाइल माझ्याकडं फिरवली.

सगळ्यात वरचा कागद. सहा वर्षांपूर्वीच्या महापुरात पाणी कुठपर्यंत आले होते? त्याच्या खाली कुणा मुलीच्या गोल अक्षरात लिहिलेलं: पाणी ओटीपर्यंत आलं. त्याच्या खाली माझी सही. म्हाळसा, वय बावन्न, राहणार पेठ.

मी सही पुन्हा पाहिली. माझीच होती. 'ळ' मी तसाच काढते, शेपूट लांब.

मग आठवलं. मार्गशीर्षातला गुरुवार होता. मी घट मांडत होते, आंब्याचा डहाळा हातात. दोन मुली दारात आल्या, कॉलेजच्या दिसत होत्या. घरात किती माणसं, घर कधीचं, असलं काही विचारलं आणि मग हे. मी डहाळा कलशात ठेवता ठेवता म्हणाले, पाणी ओटीपर्यंत आलं. कुणी रामराम घातला की आपण रामराम म्हणतो, त्यात आपण काही सांगत नसतो. तसंच. नावघाटात कुणी पुराचं विचारलं की हेच म्हणायचं असतं. माझ्या सासूच्या सासूनं हेच म्हटलं असेल. मी खोटं बोलते आहे असं माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. मुलींना गूळपाणी दिलं, सही केली, कहाणी वाचायला बसले.

प्रांजल मॅडम विचारत होत्या, "तुम्हीच ना म्हाळसाबाई? मग तुमची हरकत कशाला?"

मी फाइल परत त्यांच्याकडं फिरवली. नंतर येते म्हणाले.

बाहेर पायरीवर रखमाजी बसले होते. पंचायतीचे शिपाई, पूर्वी नाव तेच वल्हवायचे. ह्यांच्यापेक्षा मोठे, पण मला वहिनी म्हणतात. पट्टा मारायला ब्रश त्यांनीच धरला होता. मी त्यांना आधी तो रंगाचा डबा विचारला, अजूनही कुठंतरी धागा सापडेल म्हणून. ते म्हणाले, पंचायतीला रंग आणायला कोण यवतला जातंय, सत्यजीतनं टाक्यांना लावून उरला होता तोच मागून घेतला.

तोही धागा तुटला. मी त्यांच्या खालच्या पायरीवर बसले.

ते इकडं तिकडं बघून म्हणाले, "वैनी, आता कशाला उकरताय? झाकलेलं हाय ते ऱ्हाऊ द्या की."

"काय झाकलेलं?"

"तुमाला म्हाईत न्हाई व्हय?" त्यांना खरंच नवल वाटलेलं दिसलं. "त्या सकाळी चिंचंपल्याड बांधावर मीच भेटलो न्हाई का तुमाला?"

भेटले होते. ओटी भरली त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. सगळा गाव माळावरच्या शाळेत होता. घाटावरचा महादेव पाण्याखाली, म्हणून जिथं पाणी असेल तिथंच तांब्या घालावा असं ठरवून मी खाली उतरले. आणि बांधापाशीच पाय थबकले. पुढं सगळी भीमा. चिंचेच्या बुंध्यातली ढोली पाण्यात बुडालेली. कडेनं रखमाजी आले, काहीतरी म्हणाले. मी हात जोडले.

"मी म्हनलं, वैनी, पानी लई फुडं आलंय. तुमी हात जोडलं. डोळ्यात पानी तुमच्या. मला उमगलं काय म्हनताय ते. मी वर जाऊन घरटी सांगितलं, वैनीनं हात जोडल्यात, कुणी बोलायचं न्हाई. नेमाची बाई हाय, तिचा सबूद खाली पडू द्यायचा न्हाई." ते थोडे हसले. "दुपारी पानी उतरलं तर पाटलाचा समदा ऊस झोपलेला, वर वीतभर गाळ. आन् आमी म्हनतोय, वाऱ्यानं पडला, वाऱ्यानं पडला. मुक्ताबाई सोता म्हनल्या, वारं लई हुतं."

सगळ्यांनी बघितलं होतं. सेहेचाळीस घरांनी.

मी म्हणाले, "भावजी, मी मौनात होते. तांब्या घातला नव्हता अजून. म्हणून हात जोडले. मी रोज जोडते तसे."

रखमाजींनी टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "म्हंजी तुमी गप ऱ्हावा म्हनाला न्हाईत?"

"नाही."

पण हे अर्धंच होतं, आणि अर्धं सांगून उठणं मला बरं वाटेना. तांब्या घातल्यावर माझं मौन सुटलं होतं. बांधापासून शाळेपर्यंत मला तोंड होतं. वर बायका चूल पेटवत होत्या, त्यांनी विचारलं, कसं आहे पाणी, आणि मी म्हणाले, उतरतंय. भीती वाटली होती मला. काल मान मिळाला तो आज जाईल याची. रखमाजींना मी तेही सांगितलं. त्यांनी टोपी घातली आणि म्हणाले, देवाचं देवापाशी.

रविवारी जपाला बसले, पण मनात आठवड्याचाच हिशोब चालला. आठवडाभर मी या गावातल्या एकेकाकडं चोर म्हणून बघितलं होतं. मॅडमकडं, सत्यजीतकडं, मुक्ताबाईंकडं. मुक्ताबाईंनी तर माझ्यासाठी उसाचं नुकसान वाऱ्यावर घातलं होतं. पुढं त्यातच सत्यजीतची सोय झाली, हेही खरं. त्याला सगळं ठाऊक असून त्यानं प्लॉट विकले, हेही खरं. पण त्याचं तोंड मी बांधून ठेवलेलं होतं, नकळत का होईना. आणि ते आता फक्त मीच सोडू शकत होते.

सोमवारी समाजमंदिरात सुनावणी झाली. गर्दी झाली होती. आधी पेठेतल्या ईश्वरनं दोन मजल्यांचं काढलं. म्हणाला, पोरं वाढली की काय जमिनीत घर बांधायचं का. लोक हसले. मॅडमनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं, निळ्या रेघेवर कुणाची हरकत?

मी उठले. संपत पुरुषांत पुढं बसला होता, त्यानं मागं वळून बघितलं. मोनिका माझ्याच शेजारी, पोरगी तिच्या मांडीवर.

मला मोठ्यानं बोलायची सवय नाही. दोनदा "ऐकू येत न्हाई" झालं. मग सगळेच गप्प झाले आणि माझा आवाज मलाच मोठा वाटायला लागला. मी म्हणाले, "त्या पुरात ओटी मी भरली होती. पाणी ओटीपर्यंत थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बांधाला लागलं होतं. माझा कागद चुकीचा आहे, तो काढून टाका."

बायकांच्या बाजूला बांगड्यांचा आवाज झाला, तेवढाच.

सत्यजीत उठला. आवाज चढवला नाही त्यानं. "काकू, इचार करून बोला. एकदा लिहिलं की फुसता यायचं न्हाई. म्हंजी ओटी पावली न्हाई, असं म्हनताय तुमी?"

मी म्हणाले, "मायनं ओटी घेतली का नाही ते मायला ठाऊक. मी पाणी कुठं होतं ते सांगते आहे."

मग एकदम सगळे बोलायला लागले. ईश्वर म्हणाला, सहा वर्षं गप्प होत्या, आजच कसं आठवलं. कुणी म्हणालं, कुणीतरी बोलायला लावलंय. कुणी खालच्या आळीचं नाव घेतलं. मागून एक बाई म्हणाली, "तरीच त्या साली माझी म्हस गेली." जिचे पाय मी धरले नव्हते पण जिनं माझे धरले होते, अशी ती बाई. मी मुक्ताबाईंकडं बघितलं. त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला आणि खाली बघत राहिल्या. रखमाजी भिंतीला टेकून उभे होते. मॅडमनी विचारलं, या म्हणतात ते आणखी कुणी पाहिलंय का. रखमाजींनी जमेल तेवढा हात वर केला. एकट्यांनीच, पण केला.

मॅडम म्हणाल्या, जागेवर दाखवाल का.

दुपारचं ऊन होतं. आम्ही सगळे घाटाच्या डोक्यावरून कमानीखालून प्लॉटात गेलो. माझ्याबरोबर चालायला कुणी नव्हतं. पुढं मॅडम आणि रखमाजी, मागं दहा पावलं सोडून गाव. सात नंबरच्या चुन्याच्या रेघांवरून जाताना मी पाय उचलून टाकला, तरी एका खोलीवर पडलाच.

चिंचेपाशी आल्यावर मी बुंध्यातली ढोली दाखवली. मॅडमनी पिशवीतून मोजायची फीत काढली. एक टोक त्यांनी जमिनीपाशी धरलं आणि म्हणाल्या, दुसरं कुणीतरी वर धरा. रखमाजींचा हात खांद्याच्या वर जात नाही, वल्ह्यानं गेलेला आहे. त्यांनी मागं बघितलं. मागं चाळीस-पन्नास माणसं उभी होती. संपतही होता, हातांची घडी घालून, पाठ अर्धी वळवून. कुणी पुढं झालं नाही. मॅडम तशाच वाकून राहिल्या.

मोनिकानं पोरगी शेजारणीच्या हातात दिली आणि पुढं आली. फितीचं टोक घेतलं. माझ्या अगदी जवळ उभी राहिली, आणि मान न वळवता, मलाच ऐकू येईल असं म्हणाली, "आत्या, खरं सांगा. पानी हितं हुतं? का आमी घरातनं जाऊ ने म्हनून?"

"पाणी इथं होतं," मी म्हणाले. "आणि तुम्ही जाऊ नये असंही मला वाटतं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं फितीचं टोक बुंध्यावर टेकवलं, तिच्या कमरेएवढ्या उंचीवर, आणि विचारलं, "एवढं?"

"अजून वर," मी म्हणाले.